पावकी आजोबांची, दशांश नातीचा

(बोईसर-तारापूर येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. जिल्हा बैठकांतून वाचून दाखवण्यासाठी छापले आहे.)



कापूस आणि ज्वारीच्या मुलखातून रात्रभर प्रवास करून आपण समुद्राच्या काठाला आलो आहोत. इथे काळी माती नाही, कपाशी नाही, हुरडा नाही. इथे भात आहे, चिकूच्या वाड्या आहेत, मासळी आहे. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र याच तारापूरला सुरू झाले. पलीकडे बोईसरच्या वसाहतीत कापडाचे, रसायनांचे, पोलादाचे कारखाने आहेत. आपल्या गावची पोरे तिथे पाळीवर कामाला आहेत. काल संध्याकाळी त्यातली काही भेटून गेली.

काल रात्री आम्ही इथल्या शेतकऱ्यांबरोबर बसलो होतो. या लोकांना जमीन जाण्याची सवय आहे म्हणा. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. हे संच २००५ आणि २००६ साली सुरू झाले. त्यानंतर मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आला, मग मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आली. एका म्हाताऱ्या बाबांनी खिशातून घडी पडलेली नोटीस काढली आणि विचारले, "साहेब, यात माझी किती गेली ते सांगा." कागदावर आकडा होता ०.०५.५०. बाबांच्या हिशेबात जमीन साडेपाच गुंठे. शेजारच्याने वाचले, पंचावन्न. तिसरा म्हणाला, पाच एकर पन्नास गुंठे. एकाच कागदाची तीन माणसांनी तीन वाचने केली आणि जमीन एकाच माणसाची होती!

खरे उत्तर असे. हेक्टर शून्य, आर पाच, चौरस मीटर पन्नास. म्हणजे ५५० चौरस मीटर. गुंठ्याचे १०१.१७ चौरस मीटर होतात, म्हणून गुंठे भरले ५.४४. बाबांची साडेपाच जवळपास बरोबर होती, जरा कमी भरली एवढेच. बाबांना शाळा नव्हती, तरी अंदाज त्यांचाच खरा ठरला.

म्हणून आज आम्ही भावावर बोलणार नाही. आज आम्ही अपूर्णांकावर बोलणार आहोत. हसू नका. पाव, अर्धा, पाऊण यांचे कागदावर काय होते, यावर आज तासभर बोलायचे आहे. भावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, रेल रोखली, लाठ्या खाल्ल्या. आणि भांडून मिळवलेला भाव काट्यावरच्या एका ठिपक्यातून गळून गेला, तर ते भांडण कशासाठी केले?

आपले आकडे कुठून आले?

आपण दोन भाषांत मोजतो. एक तोंडाची भाषा, एक कागदाची भाषा.

तोंडाची भाषा आहे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार. ही अर्ध्याअर्ध्याची भाषा आहे. दोरी दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव. हातातराजूत दोन्ही पारडी सारखी केली की अर्धे झाले. त्यासाठी शाळा लागत नाही. मायबहिणींनी ज्वारी मोजली ती मापाने. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. रुपयाचे आणे १६, तेही अर्ध्याअर्ध्याने उतरतात: ८, ४, २, १. एकराचे गुंठे ४०, मणाचे शेर ४०. चाळिसाचा पाव सरळ दहा येतो.

या भाषेचे पाढेही होते. पंतोजीच्या शाळेत पोरे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकायची. औट म्हणजे साडेतीन. आजही आपल्या सभेत सत्तरी-ऐंशीचे जे बुजुर्ग बसले आहेत, त्यांना अठरा पावकी किती म्हणून विचारा. कागद न घेता साडेचार सांगतील.

कागदाची भाषा दहाची आहे. ती दहा बोटांवरून आली. १५८५ साली युरोपात फ्लँडर्सच्या सायमन स्टेविन नावाच्या माणसाने दशांशाच्या हिशेबाची एक लहानशी पुस्तिका काढली. त्याने ती कोणाला अर्पण केली होती? आकाश मोजणाऱ्यांना, जमीन मोजणाऱ्यांना, कापड मोजणाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना. पाव, तिसरा हिस्सा, सातवा हिस्सा यांची बेरीज-वजाबाकी करताना ही माणसे घामाघूम होत, ती सुटावी म्हणून त्याने ही रीत सांगितली. ज्यांचे पोट मोजण्यावर आहे त्यांच्या सोयीसाठी दशांश पुढे आला. तेव्हा दशांश हा आपला वैरी नाही. तो ज्याला येतो त्याचा मित्र आहे, एवढेच.

आपल्याकडे तो पैशातून आला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे होते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले.

त्या वेळी काय झाले ते ऐका. १०० भागिले १६ केले की एका आण्याचे ६ १/४ नवे पैसे येतात. पाव पैशाचे नाणे नव्हतेच. म्हणून कोष्टक करून दिले: १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९, ४ आण्यांना २५. आता हिशेब करा. एकेक आण्याने सोळा वेळा बदलून घेतले तर हाती येतात ९६ पैसे. रुपया तर शंभराचा! चार पैसे गेले कुठे? चोरी कोणी केली नाही. अपूर्णांक पूर्ण करताना खाली ओढला, तिथे गेले. हे चार पैसे लक्षात ठेवा, पुढे कापसाच्या हिशेबात ते पुन्हा भेटणार आहेत.

साडेसात एकराचे नऊ एकर

सगळ्यात मोठा घोटाळा जमिनीचा आहे, कारण तिथे दोन्ही भाषांचे आकडे दिसायला सारखे आहेत.

आमच्या भागात एका घरी वाटणी होती. तीन भाऊ, जमीन ७ एकर २० गुंठे. बोलताना साडेसात एकर. आपल्यात पूर्वीपासून ७ एकर २० गुंठे लिहायचे तर ७ लिहून ठिपका देऊन २० लिहितात. घरातल्या शिकलेल्या पोराने मोबाइल काढला, ७.२० भागिले ३ केले. उत्तर आले २.४०. पोरगा म्हणाला, प्रत्येकाला दोन एकर चाळीस गुंठे.

अहो, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर! दोन एकर चाळीस गुंठे म्हणजे तीन एकर. तीन भावांचे झाले नऊ एकर. साडेसात एकराचे नऊ एकर करणारे यंत्र सापडले म्हटल्यावर आपल्याला आंदोलन करायची गरजच उरली नाही!

चूक यंत्राची नव्हती. यंत्राला वाटले ठिपक्यापुढचे २० म्हणजे शंभरातले २०. गुंठे तर चाळिसातले २०. म्हणून आधी भाषांतर करायचे. ७ एकर २० गुंठे म्हणजे ७.५ एकर. ७.५ भागिले ३ बरोबर २.५, म्हणजे अडीच, म्हणजे २ एकर २० गुंठे. ओट्यावर बसलेल्या आजीने मघापासून "अडीच, अडीच" म्हणून घसा कोरडा केला होता. यंत्रासमोर तिचे कोणी ऐकले नाही.

आता सातबारा बघा. तिथे हेक्टर, आर, चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा हेक्टर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ जुळे भाऊ. पण ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचा हेक्टर. त्यामुळे २.२० हा आकडा एकर-गुंठ्यांत असला तर अडीच एकर. तोच हेक्टर-आरमध्ये असला तर २२० आर, म्हणजे साधारण ५ एकर साडेसतरा गुंठे. दुपटीहून जास्त फरक! आकड्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय आकडा वाचू नका.

दुसरी गोष्ट ठिपक्यापुढच्या शून्याची. त्या तीन भावांची साडेसात एकर मेट्रिकमध्ये भरते ३०,३५१ चौरस मीटर, म्हणजे ३ हेक्टर ३ आर ५१ चौरस मीटर. ते लिहायचे ३.०३.५१. कोणी घाईत ३.३ लिहिले तर वाचणारा ३ हेक्टर ३० आर वाचेल. एका शून्याची किंमत २७ आर जमीन.

तिसरी गोष्ट अटीच्या काठावरची. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत, आणि बोलताना सगळे म्हणतात २ हेक्टर म्हणजे पाच एकर. मोजून बघा. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर. दोन हेक्टर म्हणजे ४ एकर साडेसदतीस गुंठ्यांच्या जरा वर. अट काटेकोर लावली तर पूर्ण पाच एकरवाला सव्वादोन-अडीच गुंठ्यांनी रेषेबाहेर जातो. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत २ हेक्टरपर्यंतच्याला पूर्ण माफी होती, त्यापुढच्याला २५ टक्के सूट आणि तीही बाकीचे भरले तर. २०१९ च्या पीएम-किसान योजनेतही सुरुवातीला २ हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी उठली. कोरडवाहूच्या पाच एकरात घर चालत नाही, ही अटच चुकीची, हे आपण कायम म्हणत आलो. पण अट आहे तोवर आपली जमीन रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आपल्याला आधी कळले पाहिजे.

रीत सोपी आहे

शाळेच्या पुस्तकात अडीचला पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणतात. नाव मोठे, काम लहान. पूर्ण आकडा तसाच ठेवा. उरलेल्या तुकड्याचा वरचा आकडा म्हणजे अंश, खालचा म्हणजे छेद. अंशाला छेदाने भागा. जे येईल ते पूर्ण आकड्यामागे ठिपका देऊन लावा. ३ ५/८ असेल तर ३ बाजूला ठेवा, ५ भागिले ८ करा, ०.६२५ येते. उत्तर ३.६२५. झाले.

आपल्या रोजच्या तुकड्यांना तर भागाकारही नको. पाव म्हणजे ०.२५, अर्धा ०.५०, पाऊण ०.७५. सव्वा म्हटले की पुढच्या आकड्यात २५ मिळवा: सव्वासहा ६.२५. साडे म्हटले की ५०: साडेसहा ६.५०. पावणे म्हटले की पाव काढून घ्या: पावणेसात ६.७५. इथे इंग्रजी शाळेतली पोरे हमखास घसरतात. त्यांना सात ऐकू येते, ती ७.७५ लिहितात. काट्यावर बसलेल्या पोराला पावणे कळतात का, ते बघून मग आकडा सांगा.

आता गुंठ्यांची किल्ली. गुंठ्यांचा दशांश एकर करायचा तर ४० ने भागायचे. पण ४० ने भागणे म्हणजे आधी चारने आणि मग दहाने. चारने भागणे म्हणजेच पाव काढणे. म्हणून गुंठ्यांची पावकी म्हणा आणि ठिपका एक घर डावीकडे सरकवा. १८ गुंठे: अठरा पावकी साडेचार, ४.५, ठिपका सरकवला की ०.४५ एकर. ३० गुंठे: तीस पावकी साडेसात, ०.७५ एकर. ७ गुंठे: सात पावकी पावणेदोन, १.७५, म्हणजे ०.१७५ एकर. उलट जायचे असेल तर चौपट करा आणि दहाने गुणा. ०.४५ ची चौपट १.८, दहाने गुणले की १८ गुंठे.

बघितलेत? आजोबांची पावकी आणि नातीचा ठिपका. एकट्या आजोबांना ठिपका सरकवता येत नाही, एकट्या नातीला पावकी येत नाही. दोघे एका खाटेवर बसले की तलाठ्याकडे जायची गरज नाही.

हेक्टरचीही एक किल्ली आहे. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, अडीचला थोडा कमी. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी येतात, आपण एकरी पेरतो. ढोबळ हिशेबाला अडीचने भागा. अडीचने भागणे म्हणजे चौपट करून दहाने भागणे. रब्बी ज्वारीचे बियाणे हेक्टरी १० किलो, चौपट ४०, दहाने भागले की एकरी ४ किलो. खताचे बघा. समजा कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र द्यायचे आहे. युरियात नत्र ४६ टक्के. ६० भागिले ०.४६ म्हणजे १३० किलो युरिया हेक्टरी, एकरी ५२ किलो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली. ५२ भागिले ४५ म्हणजे १.१६. आपल्या भाषेत सव्वा गोणीला जरा कमी. कागदाचा आकडा पुन्हा तोंडाच्या भाषेत आणला तेव्हाच तो शेतात चालला.

काट्यावर ठिपका कुठे पडतो?

कापूस काट्यावर गेला. साडेबारा क्विंटल भरला. पट्टीवर १२.५० लिहायला पाहिजे. १२.०५ लिहिले गेले. बघायला तेच चार आकडे. पण १२.०५ म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. ४५ किलो कापूस गेला. समजा भाव ७,००० रुपये आहे, तर ३,१५० रुपये एका ठिपक्यात गेले. वेचणाऱ्या बाईने ४५ किलो कापूस वेचायला किती वेळा कंबर वाकवली, ते तिला विचारा.

आता ते चार पैसे. कापसातून रुई किती निघते यावर जिनिंगचा हिशेब असतो. रुईचा भाव खंडीवर चालतो, खंडी साधारण ३५६ किलोची. समजा खंडीचा भाव ५३,४०० रुपये, म्हणजे किलोला १५० रुपये. आणि समजा तुमच्या कापसाचा उतारा तिसरा हिस्सा आहे. क्विंटलमागे ३३ १/३ किलो रुई. किंमत ५,००० रुपये.

तिसरा हिस्सा हा दशांशात कधी पुरा बसत नाही. १ भागिले ३ करत बसा, ०.३३३३ येत राहते, संपत नाही. कुठेतरी तोडावेच लागते. ०.३३ वर तोडले तर क्विंटलला ३३ किलो, ४,९५० रुपये. क्विंटलमागे ५० रुपये गेले. २० क्विंटलवाल्याचे हजार रुपये. इथेही कोणी चोरी केली असे म्हणता येणार नाही. फक्त दरवेळी तोड खालच्या बाजूला पडते आणि खालची बाजू नेहमी आपलीच असते! म्हणून नियम धरा: आधी सगळा गुणाकार-भागाकार, आणि तोडायचे ते एकदाच, शेवटी, रुपयाला आल्यावर. मध्येच तोडू द्यायचे नाही.

आमची चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता आमची सांगतो. आम्ही कृषीची पदवी घेऊन नवे नवे गावात आलो होतो. एका शेतकऱ्याला कपाशीवरच्या फवारणीची चिठ्ठी लिहून दिली. १० लिटर पाण्याला २.५ मिली. शाईने लिहिले, ऐटीत दिले. त्याने ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. आषाढातला घाम, चिठ्ठी भिजली, ठिपका पुसला. राहिले २५.

तो दुसऱ्या दिवशी परत आला. दाराशी घुटमळत उभा राहिला. म्हणाला, "रागावू नका, मला काही कळत नाही, पण डबीवरच्या झाकणाने एवढे औषध मी कधी घातले नव्हते. एकदा बघून सांगता का?" आम्ही चिठ्ठी बघितली आणि हातपाय गार पडले. दहापट औषध. पाठीवर पंप त्याचा, नाकातोंडात जाणार त्याच्या.

तो अडाणी नव्हता, शहाणा होता. अडाणी आम्ही होतो. अडीच हा शब्द आम्हाला येत असून आम्ही तो लिहिला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही आकड्याशेजारी अक्षर लिहितो: २.५, अडीच. ठिपका पुसला तरी अडीच पुसत नाही. आणि अर्ध्यासाठी नुसते ठिपका-पाच कधी लिहीत नाही, पुढे शून्य देऊन ०.५ लिहितो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपले शेतकरी, शेतमजूर दगावले. त्याची कारणे बरीच आहेत, ती सगळी मापाची नाहीत. त्यावर आपण वेगळे भांडतो आहोत आणि भांडत राहू. पण माप बरोबर असणे हे तरी आपल्या हातात आहे, ते सोडायचे नाही.

विचारायची लाज कशाला?

भावांनो, त्या माणसाने विचारले म्हणून तो वाचला. आपल्यातले बहुतेक विचारत नाहीत. काट्यावर मागे रांग असते. तलाठ्याकडे साहेब घाईत असतात. पोराला विचारावे तर पोरगा म्हणतो, बाबा तुम्हाला एवढेही येत नाही? मग आपण मान डोलावतो आणि अंगठा किंवा सही करून मोकळे होतो. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला लेखणीवाले कसे नागवतात, हे त्यांनी उघड केले. आज आपल्याला अक्षर येते. आता प्रश्न ठिपक्याचा आहे.

आणि नातीचेही ऐका. पाचवी-सहावीतली पोरगी दशांश अपूर्णांक शिकते. पुस्तकात ३ ५/८ असते, तिला ते कशाला करायचे ते कळत नाही. गणित नावडते होते. तिला सांगा, हा आपला सातबारा, ही कापसाची पट्टी, यातले दशांश मला समजावून दे. आणि तू मला शिकव, मी तुला पावकी शिकवतो. पोरगी गणितात पुढे जाईल आणि म्हाताऱ्याला घरात किंमत येईल. शिकवणी लावायला पैसे नाहीत असे म्हणणाऱ्या घरात अर्धा मास्तर खाटेवर बसला आहे आणि अर्धा मास्तर दप्तर घेऊन शाळेत जातो आहे.

काय करायचे?

या शिबिरातून परत गेल्यावर प्रत्येक गावात एक संध्याकाळ ठरवा. शाळेचा फळा मागून घ्या. गावातला सगळ्यात म्हातारा पावकीवाला आणि सगळ्यात चुणचुणीत पोरगी, दोघांना फळ्याशी उभे करा. प्रत्येकाने आपला सातबारा आणि मागच्या हंगामाची एक काटापट्टी आणायची. तीन कामे करायची.

पहिले, सातबाऱ्यावरची जमीन एकर-गुंठ्यांत उतरवायची आणि सातबाऱ्याच्या मागे पेन्सिलीने दोन्ही भाषांत लिहून ठेवायची. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरमध्ये आपल्या कापूसपट्ट्यातली किती जमीन गेली ते आपण बघितले. पुढचा रस्ता, पुढचा कालवा कोणाच्या बांधावरून जाईल सांगता येत नाही. मोजणीवाला दारात आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

दुसरे, जुनी पट्टी पुन्हा करून बघायची. वजन, भाव, गुणाकार, कपात. चूक सापडली तर भांडण लगेच काढू नका, आधी दोघांकडून तपासून घ्या. आपलीही चूक असू शकते.

तिसरे, नियम करायचा. सही करण्याआधी आकडा तोंडाच्या भाषेत मोठ्याने म्हणायला लावायचा. "बारा पूर्णांक पाच" म्हणू नका, "साडेबारा का बारा क्विंटल पाच किलो, ते सांगा" म्हणा. मागे रांग असू द्या. रांगेतले सगळे आपलेच आहेत, त्यांनाही ऐकू जाईल.

काल रात्री निघताना त्या बाबांनी नोटिशीवर काय लिहावे म्हणून विचारले. आम्ही पेन त्यांच्या नातीच्या हातात दिला. तिने कोपऱ्यात लिहिले: ५५० चौरस मीटर, ५.४४ गुंठे. बाबांनी ते बघितले आणि म्हणाले, खाली अक्षरात लिही, साडेपाचला जरा कमी. तिने लिहिले. बाबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. भाव काय मिळायचा तो मिळेल, त्यासाठी ते आणि आपण भांडू. पण आता आपली किती गेली, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आता फळ्याशी कोण येते ते सांगा.